तालाचा गडी आणि हाराचा गडी

फार पूर्वी, तळ्याचं पाणी पायांच्या जोरावर जिंकावं लागायचं तेव्हाची ही गोष्ट. एका गावात आळ्या पुष्कळ होत्या आणि तळं मात्र एकच. उन्हाळ्यात ज्या आळीची पहिली पाळी, तिला नितळ पाणी मिळे. बाकीच्यांच्या वाट्याला गढूळ येई. पाळीवरून डोकी फुटायला लागली तेव्हा जाणत्या माणसांनी एक धाव ठरवली. जत्रेच्या दिवशी वेशीतून निघायचं, बाजारातून तळ्याला वळसा घालायचा आणि देवीची टेकडी चढायची. वाट सात कोसांची. जो गडी वर आधी पोचेल, त्याच्या गळ्यात हार आणि त्याच्या आळीला पहिली पाळी.

या पाण्याची सगळ्यांत जास्त गरज विणकरांच्या आळीला होती. गढूळ पाण्यात धुतलेल्या सुतावर लाल रंग चढत नसे, विटेसारखा मळकट उतरे. एका वर्षी तसं झालं, आणि व्यापारी आळीच्या तोंडाशी येऊन माघारी गेले. अर्धे माग बंद पडले होते.

धावेला सारं गाव लोटायचं. वेशीत खांद्याला खांदा घासायचा, धुळीत पुढचं दिसायचं नाही. अशा लोंढ्यात माणूस आपल्या पायांनी पळत नाही, गर्दीच्या पायांनी पळतो आणि अर्ध्या वाटेत बसतो. म्हणून प्रत्येक आळी दोघांची जोडी पाठवायची. तालाचा गडी पुढे राहून वाट काढायचा आणि हातातल्या टिपऱ्यांवर ताल धरायचा. हाराचा गडी इकडेतिकडे न बघता त्या तालावर पाय टाकायचा. टेकडीच्या पायथ्याशी तालाचा गडी बाजूला व्हायचा आणि साठवून ठेवलेला दम घेऊन हाराचा गडी वर सुटायचा.

विणकरांचा तालाचा गडी होता गेनू, आणि हाराचा होता त्याचा शेजारी हैबती. गेनूचा माग सुरू झाला की आळीतली बाकीची माणसं नकळत त्याच्या ठेक्यावर हात चालवत, इतका त्याचा ताल पक्का. दोन वर्षं या जोडीनं पहिली पाळी आणली होती.

दोन्ही वर्षी हार हैबतीच्या गळ्यात पडला. गेनूला मिळाली खोबऱ्याची वाटी.

पहिल्या वर्षी गेनूनं ती हसत खाल्ली. दुसऱ्या वर्षी त्याची स्वतःची आई कुंकवाचा करंडा घेऊन हैबतीपाशी गेली आणि म्हणाली, "लेकरा, पाणी आणलंस रे." गेनू शेजारीच उभा होता, हैबतीचं उपरणं सांभाळत. त्या दिवसापासून खोबरं त्याला कडू लागायला लागलं.

हैबती रस्त्यानं जाताना कुणी हाक मारली, की ती हाक गेनूच्या कानात टोचायची. हैबतीच्या दारात कुणी भाजी ठेवली, की गेनू ती कुणी ठेवली ते बघून ठेवायचा. बायको म्हणायची, "अहो, तुमचं सूत तुटतंय, लक्ष कुठाय?" लक्ष भिंतीपलीकडे असायचं.

तिसऱ्या वर्षी धावेच्या आदल्या दिवशी पारूआत्यानं दोघांना बोलावलं. आळीतला सगळा रंग तिच्या हाताखाली चढायचा, म्हणून आळी तिचं ऐकायची.

"गेनू, बाजारात कुणाच्या पुढं जायला बघू नको," ती म्हणाली. "तिथं सगळेच उधळतात. बांधावर लागले की आपोआप गळतात. तेव्हा एकेकाला मागं टाका. आणि हैबत्या, तू गर्दीचं ऐकू नको. याचं ऐक."

"मी दुसऱ्या कुणाचं ऐकतो का, आत्या?" हैबती म्हणाला. "गेनूदादा विहिरीत गेला तर मीही विहिरीत."

"बघ हं," पारूआत्या हसली, "पाणी तिथंही गढूळच आहे."

गेनू हसला नाही. बाजारात मागं राहायचं म्हणजे काय, ते त्याला ठाऊक होतं. सारं गाव बघायला उभं असतं ते बाजारात. तिथं मागं राहिलेला तालाचा गडी कुणाला दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी नगारा वाजला आणि लोंढा सुटला. गेनूनं टिपऱ्या धरल्या, कोपरांनी वाट काढली, नेहमीचा ताल लावला. बाजार आला. ओट्यांवर, माळ्यांवर माणसंच माणसं. पुढच्या जोड्यांची नावं घेऊन ती ओरडत होती. गेनूचं नाव कुणी घेत नव्हतं.

त्यानं ताल थोडा चढवला. मग आणखी थोडा.

"अरे, हा विणकरांचा गेनू बघा," एक हलवाई म्हणाला. "काय सुटलाय." मग दुसरा म्हणाला, मग तिसरा. गेनूच्या अंगावर कुणी गुलाल टाकला. इतकं गोड त्यानं कधी काही ऐकलं नव्हतं. बाजार संपला तेव्हा विणकरांची जोडी सगळ्यांच्या पुढे होती. कुंभारांची जोडी पार मागे राहिली होती, मडक्यावर बोटं वाजवत, आपल्याच चालीनं.

तळ्याच्या बांधावर मागून आवाज आला. "दादा, ताल चढलाय का रे? छाती भरून येतेय."

गेनूला तिथं ताल उतरवता आला असता. वेळ गेलेली नव्हती. पण तो उतरवायचा म्हणजे चढवला होता हे कबूल करायचं, आणि पुन्हा त्या गळ्यात हार बघायचा.

"ताल तोच आहे," तो मागे न बघता म्हणाला. "तुझेच पाय जड झालेत."

हैबतीनं दात आवळले आणि पाय ओढत नेले. टेकडीच्या पायथ्याशी त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले आणि तो वाटेतच कोसळला. गेनूनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा वर पाहिलं. मग टिपऱ्या टाकून तो एकटाच चढायला लागला. पण दम त्यानंही बाजारातच उधळला होता. निम्म्या चढावर तो एका दगडावर बसला, आणि कुंभारांचा गडी त्याच्या शेजारून शांतपणे वर गेला.

संध्याकाळी आळी पारूआत्याच्या अंगणात जमली. हैबती काठी टेकत उभा राहिला.

"चूक तालाची नव्हती," तो म्हणाला. "माझे पाय संपलेत. पुढच्या वर्षी हाराचा गडी गेनूदादाला करा. मी त्याच्यासाठी ताल धरीन."

सगळ्यांनी गेनूकडे पाहिलं. पारूआत्या म्हणाली, "चालेल का रे, गेनू?"

वर्षभर जे हवं होतं ते समोर आलं होतं, आणि गेनू घाबरला. आता त्याला दुसऱ्याच्या तालावर पाय टाकायचे होते. पुढच्या गड्यानं एकदा ठरवलं, तर मागच्याचं काय होतं, हे आळीत फक्त त्यालाच माहीत होतं. हैबती तसं करणार नाही, हेही त्याला माहीत होतं. तरी त्या तालावर आपण पळूच शकणार नाही, हे त्याला कळून चुकलं. प्रत्येक पावलाला आपण संशय घेऊ.

"ताल मी चढवला होता," तो म्हणाला. "बाजारात. लोकांनी माझं नाव घ्यावं म्हणून. आणि बांधावर मी खोटं बोललो."

गेनूची आई पदर डोळ्यांना लावून घरात गेली. हैबतीनं हळूच विचारलं,

"म्हणजे माझे पाय गेले नाहीत?"

"नाही रे."

हैबतीनं काठी खाली ठेवली, दोन्ही हातांनी आपले गुडघे धरले आणि लहान मुलासारखा रडला. गेनूला एखादी शिवी मिळाली असती तर बरं वाटलं असतं.

त्या वर्षी आळीचं लुगडं मळकट निघालं आणि व्यापारी फिरकले नाहीत. पुढच्या धावेला हाराचा गडी हैबतीच राहिला. पण ताल धरायला त्यानं दुसरा गडी मागून घेतला, आणि गेनू वेशीवरच्या गर्दीत उभा राहून त्या दोघांना जाताना बघत राहिला.

तात्पर्य: मत्सरानं चढवलेला ताल आधी सोबत्याला पाडतो, आणि मग कुणाच्याही तालावर निर्धास्त पाऊल टाकायची आपली ताकद घेऊन जातो.