टेकडीवरची गस्त

मुलांनो, गवत खाणाऱ्या प्राण्यांच्या एका रानात पहाऱ्याचे मोठे खाते होते आणि त्याचा कारभारी होता एक म्हातारा गवा. याच पहाऱ्यावर एका हरिणीने नऊ उन्हाळे काढले होते. तिचे नाक इतके तिखट, की वाऱ्याची झुळूक आली तरी वाघ किती लांब आहे ते तिला कळे. पण तिची नेमणूक कायम खाली, पाणवठ्यापाशी. टेकडीवरची गस्त तिने तीनदा मागितली. तिन्ही वेळा गवा मायेने म्हणाला, “बाई, तुझी पाडसं लहान आहेत. कशाला त्या चढावर धावतेस? मी तुझीच सोय बघतोय.” पाडसे मोठी होऊन रानभर पांगली, तरी गव्याच्या लेखी ती लहानच राहिली.

पुढे मुख्य पहारेकऱ्याची जागा रिकामी झाली. मुख्याची हाक आली तरच कळपाने जागा सोडायची, असा तिथला नियम होता. सगळ्यांत जुनी म्हणून हरिणी आशेने पुढे झाली.

गव्याने मान हलवली. “या जागेला टेकडीवरची तीन वर्षांची गस्त लागते. तुझी एका दिवसाचीही नाही.”

“मी मागितली होती, कारभारी. तुम्हीच पाठवलं नाहीत.”

“ते खरं. पण नियम म्हणजे नियम,” गवा म्हणाला, आणि ती जागा त्याने एका तरण्या सांबराला दिली. त्या सांबराला वास ओळखायला हरिणीनेच शिकवले होते, याचा मला फार राग येतो. तो स्वभावाने वाईट नव्हता. रोज तिलाच विचारून काम करी.

चैत्र संपताना एका दुपारी वारा फिरला आणि हरिणीला धुराचा वास आला. ती धावत सांबराकडे गेली. “वणवा येतोय! आत्ता हाक दे!”

“मला तर काहीच दिसत नाही. वर जाऊन खात्री करून येतो,” असे म्हणत सांबर टेकडी चढू लागला.

हरिणी थांबली नाही. तिने घसा फुटेस्तोवर हाक दिली. कळपाने माना वर केल्या. “ही काही मुख्याची हाक नव्हे,” एक नीलगाय म्हणाली, आणि सगळे पुन्हा चरू लागले. सांबराची हाक आली तेव्हा आग टेकडीच्या दोन्ही अंगांनी खाली उतरली होती. ती हाकही अर्ध्यावरच तुटली.

संध्याकाळी पाणवठ्याच्या चिखलात हरिणी आणि पाठ भाजलेला गवा, एवढेच दोघे जिवंत उभे होते. गवा काळ्या रानाकडून तिच्याकडे वळला. मग म्हणाला, “आजपासून मुख्य तूच. तो गस्तीचा नियम मी मोडीत काढला.”

“आता हाक कोणाला देऊ, कारभारी?” हरिणीने विचारले.

तात्पर्य : सोयीच्या नावाखाली जिला संधी दिली नाही, तिलाच अनुभव नाही म्हणून मागे ठेवणे हा अन्याय आहे, आणि त्याची झळ तिच्या एकटीपुरती राहत नाही.