दर्भाचा कावळा

मत न देणाऱ्याचं रेशन बंद, असा कायदा निघाला, तरी आंबेखळ गावात एकही मत पडलं नाही. मंत्री धोंडेसाहेब तणतणत नदीकाठी आले. इथेच त्यांनी तीनदा पुलाचा नारळ फोडला होता. पूल नव्हता म्हणून सगुणाआक्काची सून बाळंतपणाच्या कळा देत याच काठावर दगावली होती.

“एवढी मस्ती आली का रे तुम्हाला?” साहेब गरजले.

जमलेल्या गावकऱ्यांतून आक्का पुढे झाली.

“साहेब, सुनेच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. आम्ही कावळ्याला दंड नाही केला. हात जोडून विचारलं, पोरी, तुझं काय राहिलं? तुम्हीही तसं विचारायचं होतं.”

साहेब हसले. “आणि तरीही नाही शिवला, तर दर्भाचा कावळा करून शिवतातच की! तशी मतं आम्हालाही पाडून घेता येतात.”

“घ्या की. पण दर्भाचा कावळा मेलेल्यासाठी करतात. तेव्हा एवढं सांगून जा, मेलं कोण?”

साहेब गाडीत बसले.

पुढच्या निवडणुकीत आंबेखळात शंभर टक्के मतदान झालं. त्या दिवशी केंद्राकडे गावातलं कुणीही फिरकलं नव्हतं.