राखणदारणीच्या गाठी

शाळेच्या सामन्यात माझी ऊर्वी गोलकीपर होती. पाच गोल झाले. घरी येईपर्यंत पोरगी माझ्याकडे न बघता पुढे पुढे चालत राहिली. आता ही खचणार, या धास्तीने माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. मग सकाळी तिची वेणी घालताना मी ही गोष्ट रचली. बरी जमली की नाही, देव जाणे.

फार जुन्या काळी नदीच्या अल्याड एक गाव होतं, पल्याड एक. काठच्या कुरणात वर्षभर कोणाची गुरं चरायची, हे चेंडूच्या खेळावर ठरे. ज्यांचे तीन चेंडू आधी आत जातील, त्यांचं कुरण.

अल्याडची राखणदारीण होती एका गवळ्याची लेक. दोन खांबांमध्ये उभं राहून चेंडू अडवायचा, हे तिचं काम. सात वर्षं ती ते करत होती. गावाची रीत अशी, की चेंडू आत गेला की राखणदारणीने तिथल्या तिथे खांबाला काळ्या दोऱ्याची गाठ मारायची; खेळ काही तिच्यासाठी थांबत नसे. अडवलेल्या चेंडूंची मात्र कुठेच खूण नसे.

आठव्या वर्षी पाऊस दडी मारून बसला. कुरण सोडलं तर कुठे हिरवं पान नव्हतं. हरलं तर गुरं मरणार होती.

अल्याडचे दोन चेंडू आत गेले. मग पल्याडचा एक, तिच्या बोटांना घासून. ती वळली, मान खाली घालून गाठ मारू लागली. "सुटलाच कसा?" असं पुटपुटत तिने दोरा आवळला, तोवर पाठीमागून दुसरा चेंडू आत!

दोन-दोन.

खांबामागे जुनी राखणदारीण बसली होती, वाकड्या बोटांची म्हातारी. ती ओरडली, "अगं, पाठ फिरवून कसली राखण करतेस?"

"आजी, रीत आहे. गाठ तर मारायलाच हवी ना?"

"गाठ कुठे पळून चाललीय? चेंडू पळतोय!"

तेवढ्यात पल्याडचा गडी चेंडू घेऊन सुटला. "ए राखणदारीण, गाठ राहिली की गं तुझी!" तो हसत ओरडला.

"आधी गाठ मार! अपशकुन होईल!" तिचंच गाव ओरडलं.

तिचा हात कमरेच्या दोऱ्याकडे गेला. आणि थांबला. तिने फक्त त्याच्या पायाकडे पाहिलं. डावीकडे! तिने झेप घेतली. चेंडू मनगटावर आदळला आणि धुळीत पडला. अल्याडच्या गड्यांनी तो उचलून पळवला, तिसऱ्यांदा आत घातला.

गुरं कुरणात गेली. मग ती शांतपणे बसली आणि राहिलेली गाठ मारली. पुढे नऊ वर्षं तिने राखण केली, आणि गाठी खेळ संपल्यावरच मारायच्या, अशी नवी रीत पडली.

सुटून गेलेल्याचं दुःख खेळ संपेपर्यंत थांबू शकतं. समोरून येणारं थांबत नाही.

मी वेणीला रिबीन बांधली आणि वाट पाहिली.

"आई," ऊर्वी म्हणाली, "गोल झाले त्याचं मला काही नाही गं. पण प्रत्येक गोलला तू बाहेर उभी राहून तोंडावर हात ठेवतेस ना, तेवढं बंद कर."