सुईची हाक

"...आणि एखादीनं हाक मारलीच नाही, तर?"

कुमुदबाईंनी हे अगदी सहज विचारलं. निदान त्यांना तरी ते सहज वाटलं. 

मठ सांभाळणाऱ्या बायजाक्का पायरीवर बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कसली हाक?"

"सुईची. सुई मोडल्यावर मारतात ती."

"हं..."

आक्कांची बोटं सुपात फिरत राहिली. एक खडा निघाला. तो त्यांनी अंगणात भिरकावला.

"ह्यो दिसला म्हणून निगाला," त्या म्हणाल्या आणि पुढचे तांदूळ ओढले.



डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या मठात दर गुरुवारी दुपारी बायका गोधडी शिवायला बसत. विकायला नव्हे, निव्वळ हौस म्हणून. आसपासच्या वाड्यावस्त्यांवर मूल जन्मलं की त्याला मठाची गोधडी जायची. मऊ झालेल्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरायचे, चारी बाजूंनी बायकांनी मांडी घालून बसायचं आणि कडेपासून मधल्या पोटाकडे टाके घालत सरकायचं. हात चालत, तोंडं त्याहून जोरात चालत. कुणाच्या सुनेचं, कुणाच्या म्हशीचं, सगळं त्या टाक्यांबरोबर आत जायचं.

नियम म्हणाल तर एकच. सुई मोडली की जिची मोडली तिनं तिथल्या तिथं ओरडायचं, "सुई!" की लगेच सगळ्यांचे हात वर. नाक खाजलं तरी खाली आणायचे नाहीत, कारण गोधडी हलली तर तुकडा थरांत सरकतो. मग आक्का आणि ती बाई दोघी मिळून शोधणार. दोन्ही तुकडे सापडले की जुळवून बघायचे, देव्हाऱ्यातल्या करवंटीत टाकायचे आणि त्या दिवशीचा पहिला चहा हाक मारणारीला द्यायचा. का, तर ती गोधडी उघड्या अंगाच्या बाळाखाली जायची असते.

काल कुमुदबाईंची सुई मोडली होती.

आणि त्यांनी हाक मारली नव्हती.

*

कुमुदबाई म्हणजे साधं प्रकरण नव्हे. शहरात त्यांचा शिवणक्लास होता. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुली आजही टाका घालताना त्यांना घाबरत असतील. नवरा गेला, मुलगी परदेशात रमली, आणि रिकाम्या घरात संध्याकाळ झाली की यांच्या छातीत धडधड सुरू व्हायची. कुणीतरी सांगितलं म्हणून त्या आक्कांकडे आल्या आणि मंत्र मागितला.

आक्कांनी सुई दिली.

बाईंना ते थोडं लागलं होतं. पण गोधडीभोवतीच्या त्या बायकांत बसल्यावर धडधड कमी झाली, हेही खरं. आठवडाभर त्या गुरुवारची वाट बघू लागल्या. या बायका नसत्या तर आपलं काय झालं असतं, असं त्यांच्या मनात यायचं. ते त्यांनी कधी कुणाला बोलून मात्र दाखवलं नाही.

बोलून दाखवलं ते भलतंच. शेजारी बसणाऱ्या हौसाबाईची सुई मोडली, तिनं हाक मारली, सगळ्यांचे हात वर गेले, तेव्हा कुमुदबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या होत्या, "सुई तिरकी रेटली की मोडते, हौसाबाई. माझी आजवर मोडली नाही."

हौसाबाईनं हसून पहिला चहा घेतला होता. बाईंच्या मते तिला लाज वाटायला हवी होती.

तर अशा या बाई. काल शेवटच्या ओळीला जाड काठ मध्ये आला, त्यांनी सुई रेटली आणि ती कट्‌दिशी मोडली. आवाज त्यांच्या एकटीच्याच कानावर पडला. नेढ्याकडचा तुकडा बोटांत राहिला आणि टोक गायब. हाक ओठांपर्यंत आली होती. शेजारी हौसाबाई गालातल्या गालात हसत काहीतरी सांगत होती. बाईंनी ओठ मिटले, तुकडा चष्म्याच्या घरात सरकवला आणि डब्यातून नवी सुई काढली.

संपलं. एवढंच झालं होतं.

घरी गेल्यावर मात्र डोळ्याला डोळा लागला नाही. डोळे मिटले की ते टोक दिसायचं.

*

"आक्का, गोधडी जरा बघू का? एक टाका सैल राहिलाय बहुतेक."

"बघ की. आत हाय."

आक्का सूप बाजूला ठेवून उठल्या. लंगडत होत्या. टाचेला हळदीची चिंधी बांधलेली होती.

"काटा मोडला का?"

"बोचलं कायतरी," आक्का म्हणाल्या.

दुसऱ्या कुणाच्या टाचेकडे बघायला बाईंना सवड नव्हती. त्या ओवरीत शिरल्या, गोधडी उलगडली आणि गुडघ्यांवर बसून तळहातानं एकेक ठिगळ दाबत निघाल्या. आपली बाजू. हौसाबाईची बाजू. पोट. कोपऱ्यातली फुलं. उलटी करून पुन्हा तेच. इतके थर, त्यात नखाएवढं टोक. हाताला काही लागत नव्हतं. लागत नव्हतं म्हणूनच ते खोल कुठंतरी होतं, अशी त्यांची खात्री पटत चालली.

घामानं पोलकं पाठीला चिकटलं.

"काय हुडकतीयास?"

आक्का दारात उभ्या होत्या.

आता सांगावं. आत्ता इथं कुणी नाही. नुसती दोन अक्षरं म्हणायची.

"काही नाही," बाई म्हणाल्या. "टाका बघत होते."

"सापडला?"

"...हो."

 आक्का वळल्या आणि लंगडत चुलीकडे गेल्या.

*

दुपारी मठात बारसं होतं. गुरुवारच्या बायकांतल्या तानूबाईची सून सुगंधा, तिच्या बाळाचं. बायकांनी पाळण्याला झेंडूच्या माळा बांधल्या होत्या. घुगऱ्यांचा वास सुटला होता. जो तो हसत होता आणि कुमुदबाईंना त्या हसण्याची भीती वाटत होती.

सांगितलं तर? सगळ्या वळून बघतील. कित्येक दुपारी खपून शिवलेली गोधडी उसवावी लागेल, तीही बारशाच्या दिवशी. हौसाबाई काय म्हणेल? पुढच्या गुरुवारी आपल्याला जागा कोण देईल? मग घरात ती संध्याकाळ, ती धडधड, आणि आपण.

आणि नाही सांगितलं तर...

ओवरीच्या मध्यावर गोधडी अंथरली गेली. मठाची रीत होती. पाळण्यात घालण्याआधी बाळाला एकदा उघड्या अंगानं गोधडीवर निजवायचं, म्हणजे ती त्याची झाली.

"बाई, तुम्ही अशा लांब का?" हौसाबाईनं त्यांच्या दंडाला धरून पुढं ओढलं. "तुमचा टाका सगळ्यांत देखणा पडलाय. मी आमच्या सुनंला दावला. या, अशा पुढं बसा."

त्या बिचारीच्या मनात काही नव्हतं. बाईंना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुगंधानं बाळाचं अंगडं काढलं. इवलंसं अंग, दुमडलेल्या मुठी, पाठीवर अजून लव. ते जांभई देत होतं.

आक्का पलीकडे बसल्या होत्या. त्यांची नजर बाळावर नव्हती. ती कुमुदबाईंवर होती.

"थांब गं," आक्का सुगंधाला म्हणाल्या. मग सगळ्यांकडे बघून त्यांनी विचारलं, "कुणाचं काय राहिलंय का?"

बायका हसल्या. कुणाचं काही राहिलं नव्हतं.

कुमुदबाईंनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. 

"मग निजीव लेकराला."

सुगंधा वाकली.

पुढचं काय झालं ते बाईंनाही नीट कळलं नाही. त्या उठल्या, सुगंधाच्या आडव्या आल्या आणि धाडकन गोधडीवर पडल्या. इस्त्रीच्या पातळासकट, चष्म्यासकट. पाठ टेकली, कूस बदलली, पालथ्या झाल्या, गाल घासला, उघडे दंड घासले. या काठापासून त्या काठापर्यंत त्या लोळल्या. कुठंतरी बोचेल, आत्ता बोचेल, म्हणून डोळे घट्ट मिटलेले. बोचावं अशीच त्यांची इच्छा होती. बाळाला बोचण्याआधी आपल्याला बोचावं.

"अगं बया! बाईंना घेरी आली का काय!"

"पानी आणा गं!"

सुगंधानं बाळाला छातीशी धरलं होतं. हौसाबाई धावली आणि बाईंचं डोकं मांडीवर घ्यायला लागली. बाईंनी तिला ढकललं आणि त्या पुन्हा लोळल्या.

काही बोचलं नाही.

त्या उठून बसल्या. केस सुटलेले, चेहरा पांढराफटक. दोन्ही हात गोधडीवर पसरून त्या तशाच बसून राहिल्या, कुणालाही जवळ येऊ न देता.



आक्का उठल्या. लंगडत लंगडत जवळ आल्या आणि समोर बसल्या. त्यांनी पदराची गाठ सोडली.

गाठीत सुईचं टोक होतं. त्याला वाळलेल्या रक्ताचा डाग होता.

कुमुदबाई बघत राहिल्या. मग त्यांची नजर हळूच खाली गेली, आक्कांच्या टाचेकडे, हळदीच्या चिंधीकडे.

"काल तुमी समद्या गेल्यावर चटई झाडाय गेले," आक्का म्हणाल्या. "तुज्या जागंवर हुतं."

"काल? म्हणजे तुम्हाला सकाळी ठाऊक होतं..."

"हं."

"मग सांगितलं का नाही? आक्का, मी रात्रभर... मी मेले हो भीतीनं!"

 आक्कांनी नुसता तळहात पुढं केला.

बाईंना कळलं. त्यांनी चष्म्याचं घर उघडलं आणि नेढ्याकडचा तुकडा काढून त्या तळहातावर ठेवला. आक्कांनी दोन्ही तुकडे एकमेकांना लावले. नीट जुळले.

आता सगळ्यांना सगळं समजलं होतं. मान खाली घालून कुमुदबाई वाट बघत राहिल्या. कुणीतरी बोलेल. कुणीतरी उठून जाईल.

कुणी गेलं नाही. बांगड्या किणकिणल्या. बायका एकेक करून गोधडीभोवती बसत होत्या, गुरुवारी बसतात तशा, आपापल्या बाजूला. बाळाला सासूकडे देऊन सुगंधाही बसली. हौसाबाई आपल्या नेहमीच्या जागी, बाईंच्या उजव्या हाताला बसली. सगळ्यांचे हात गोधडीवर टेकलेले. चुलीवर कुणीतरी चहाचं आधण ठेवलं होतं, त्याचा आवाज येत होता.

कुमुदबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पदरानं ते पुसत त्या कशाबशा म्हणाल्या,

"चुकलं माझं. पण सापडली ना, आक्का? दोन्ही तुकडे सापडले. आता घाला बाळाला. झालं ना सगळं?"

आक्कांनीही आपले दोन्ही हात गोधडीवर टेकले.

"सुई सापडली गं," त्या म्हणाल्या. "हाक राहिलीया."