नातवाची गोधडी

रावसाहेब थोरबोले चार कॉलेजं चालवत, त्यामुळे गावात कोणी काय शिकावं हेही आपणच ठरवायचं, अशी त्यांची समजूत होती. नातवाच्या बारशाला हर्षला वडिलांबरोबर आली, तशी त्यांनी भरल्या मांडवात तिला हटकलं.

"बारावीला एवढे मार्क आणि बी.ए. करणार? तेही थोडी भाषा, थोडा इतिहास, थोडं मानसशास्त्र? एक ना धड, भाराभर चिंध्या!"

"मला प्राथमिक शाळेत शिकवायचंय, काका."

"खुळेपणा! सदाशिवराव, उद्याच हिला इंजिनिअरिंगला घाला."

वडिलांनी निमूट मान डोलावली. हर्षला मात्र पाळण्यापाशी गेली.

"काका, एवढी श्रीमंती असून नातवाला चिंध्यांच्या गोधडीत निजवलंत? नवंकोरं रेशीम नाही मिळालं?"

रावसाहेब खो खो हसले. "अगं, कोरं कापड बाळाला टोचतं! घरोघरची जुनी लुगडी मागून आणली, तेव्हा कुठे अशी मऊ, ऊबदार गोधडी झाली."

"मलाही लहान मुलंच सांभाळायची आहेत," हर्षला म्हणाली, "म्हणून तर चिंध्या गोळा करतेय."

बायका पदराआड हसल्या. रावसाहेबांनी तिच्या वडिलांकडे पाहिलं. या खेपेला वडिलांची मान आडवी हलली.