मानाचं अंडं

फार फार पूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा कोंबड्यांनाही बोलता येत असे, आणि बोलायची एकही संधी त्या सोडत नसत.

खाडीच्या काठी एक गाव होतं. गावाला मिठागरं होती, आंब्याची झाडं होती आणि उंडीच्या एका जुन्या झाडाखाली भरणारी शाळा होती. त्या शाळेत नवे पंतोजी आले होते. माणूस भला, हुशार, मुलांत रमणारा. पण कुणाला ‘नाही’ म्हणायची वेळ आली, की त्यांच्या घशाला कोरड पडायची. ही खोड लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पावसाळ्यात खाडीला उधाण आलं की गावाची बाहेरची वाट बंद व्हायची. मग पेजेबरोबर तोंडी लावायला एकच गोष्ट उरायची, ती म्हणजे खारातल्या कैऱ्या. त्यामुळे गावात एक रीत पडून गेली होती. वैशाख संपताना घरोघरच्या कैऱ्या देवळाच्या ओसरीवर बरण्यांत भरायच्या, आणि त्यांवर ओतायचं मिठाचं पाणी, म्हणजे खार, शाळेतल्या मोठ्या मुलांनी करून द्यायचा. शिकलेलं हातात उतरलं की नाही, याची तीच परीक्षा.

गावचे पाटील पंतोजींना म्हणाले, “आधीच्या पंतोजींच्या मुलांनी केलेला खार कधी बिघडला नाही. तुमचा बिघडला, तर पुढच्या वर्षी पोरं मिठागरावर जातील. झाडाखाली बसून काय करायचंय मग त्यांना?”

शाळेवाचून पंतोजींना दुसरं काही नव्हतं, आणि दुसरं काही नकोही होतं. ते मन लावून शिकवायला लागले.

पहिल्या दिवशी त्यांनी एक मूठ मीठ तांब्यातल्या पाण्यात टाकलं, आणि तेवढंच मीठ पाण्यानं भरलेल्या रांजणात टाकलं. दोन्हीकडे ढवळून ढवळून ते दिसेनासं केलं.

“मीठ कुठे जास्त आहे?”

“दोन्हीकडे सारखंच!” मुलं ओरडली.

“आणि खारट काय लागेल?”

“तांब्यातलं!”

“म्हणजे मीठ किती, एवढंच विचारून भागत नाही,” पंतोजी म्हणाले. “किती पाण्यात किती मीठ, असं विचारायचं. द्रावणाची सगळी गंमत तिथे आहे.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी एकाच वाटीतलं खारं पाणी सगळ्यांना चाखायला दिलं. गूळ खाऊन आलेल्या मुलानं तोंड वेडंवाकडं केलं. मिठागरवाल्याची मुलगी हौसा मात्र म्हणाली, “अळणीच आहे की!” सगळा वर्ग खो खो हसला, कारण हौसाच्या घरी वारासुद्धा खारट असतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“हसू नका,” पंतोजी म्हणाले. “जीभ आपापल्या घरचं सांगते. तिचा दोष नाही. पण म्हणून खार जिभेनं जोखायचा नाही, अंड्यानं जोखायचा. साध्या पाण्यात अंडं बुडतं. मीठ विरघळत गेलं की पाणी जड होत जातं आणि शेवटी अंड्याला वर उचलून धरतं. अंड्याचा टिळ्याएवढा भाग पाण्याबाहेर दिसला, की खार तयार.”

पुढचे काही दिवस मुलांनी त्याच रांजणात सराव केला. पोतंभर मीठ पडलं की अंडं वर यायचं. मुलं टाळ्या पिटायची आणि पंतोजींना रात्री छान झोप लागायची.

आता या अंड्याचीही एक हकीकत आहे. पूर्वी खाराच्या दिवशी सकाळी कोंबडीखालचं गरम अंडं उचलून आणायचे आणि त्यालाच मानाचं अंडं म्हणायचे. पण पाटलांना ते पटलं नव्हतं. यंदा पाडव्यालाच ते म्हणाले होते, “मानाचं अंडं असं ऐन वेळी खुराड्यातून ओढून आणायचं? शोभतं का? ते आधीपासून देवळात ठेवू या, लोक दर्शन घेतील.” त्यांनी वेताची नाजूक टोपली विणून घेतली, तिला झेंडूची माळ लावली आणि पंतोजींच्या तांबड्या कोंबडीचं सर्वांत मोठं अंडं हळदकुंकू वाहून कोनाड्यात ठेवलं.

तांबडी तेव्हाच म्हणाली होती, “अंडं उबवायचं असतं, नाहीतर खायचं असतं. दर्शनाला कोण ठेवतं?”

पंतोजींच्याही मनात आलं होतं, की इतके दिवस ठेवणं बरं नव्हे. ते ‘नाही’ म्हणणार, इतक्यात घशाला कोरड पडली आणि तोंडातून ‘बरं’ बाहेर आलं.

खाराचा दिवस उजाडला. सगळं गाव ओसरीवर जमलं. मुलांनी शाळेतला रांजण तिथे आणून त्यात पाणी भरलं, मीठ ओतलं, ढवळलं. अर्धं पोतं संपलं असेल नसेल, तोच पाटलांनी मोठ्या थाटात मानाचं अंडं पाण्यात सोडलं. ते टुणकन वर आलं.

“वा!” पाटील म्हणाले. “मानाच्या अंड्याचा गुण पाहा. मीठसुद्धा वाचलं!”

लोकांनी आनंदानं आरोळी ठोकली. हौसानं मात्र गुपचूप बोट बुडवून चाखलं. “पंतोजी, अळणी लागतंय.”

वर्ग पुन्हा हसला. पंतोजी समजावत म्हणाले, “हौसा, जीभ कुणाचं सांगते?”

“आपापल्या घरचं. पण सरावाला याच रांजणात पोतंभर मीठ लागत होतं. आज अर्ध्यातच कसं भागलं?”

पंतोजी चपापले. प्रश्न बिनतोड होता. पण तोवर पाटलांनी बरण्या भरायला सुरुवात केलीसुद्धा, आणि पाटलांना अडवायचं म्हणजे ‘नाही’ म्हणायला हवं होतं. एकेका बरणीत खार ओतला गेला, तोंडाला फडकं बांधलं गेलं. बांधलेली बरणी श्रावणापर्यंत सोडायची नाही, असा गावचा दंडक होता.

शेवटचं फडकं बांधून झालं, आणि रांजणामागून एकच कलकलाट उठला. तांबडी बाहेर आली. ऐन गर्दीत तिनं तिथे अंडं घातलं होतं, आणि ते सगळ्या गावाला कळल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं.

हौसानं ते गरम अंडं उचललं आणि रांजणात उरलेल्या खारात सोडलं. अंडं बुडालं. थेट तळाला जाऊन बसलं.

ओसरीवर कुजबुज सुरू झाली. त्याच पाण्यात एक अंडं वर आणि एक खाली!

“कोंबडीचं अंडं खोटं आहे,” पाटील म्हणाले.

“दोन्ही माझीच आहेत, पाटील!” तांबडीनं पिसं फुलवली. “एकाला खोटं म्हणाल, तर दुसऱ्याचं काय करणार?”

आता कुणाचं मानायचं? पाटील म्हणाले, मानाच्या अंड्याचं. काहीजण म्हणाले, ताज्या अंड्याचं. भांडण लागायची वेळ आली, तेव्हा हौसा पंतोजींच्या जवळ आली.

“पंतोजी, साध्या पाण्याला विचारू या? त्यात मीठ नाही, हे तरी सगळ्यांना कबूल आहे ना?”

पंतोजींचा चेहरा उजळला. त्यांनी विहिरीचं पाणी मागवलं आणि सगळ्यांसमोर दोन्ही अंडी त्यात सोडली. ताजं अंडं बुडालं. मानाचं अंडं गोड्या पाण्यातही मजेत डोलत तरंगत राहिलं.

तांबडी पुढे होऊन म्हणाली, “पाडव्यापासून ठेवलंत. ते आतून सुकलं, पोकळ झालं, हलकं झालं. आता ते कशातही तरंगेल. त्याला मान दिलात, पण ते अजून खरं सांगतं का, हे पाहिलं कुणी?”

काय झालं होतं, ते आता उघड होतं. खार कच्चा होता. कैऱ्या नासणार, आणि कैऱ्यांपाठोपाठ शाळाही जाणार.

पाटील पंतोजींना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “दंडक मोडू नका. फडकं जरासं वर करून प्रत्येक बरणीत मूठभर मीठ टाका आणि पुन्हा बांधा. चारचौघांत तुमची चूक कशाला दाखवायची?”

पंतोजींच्या घशाला कोरड पडली. त्यांनी पाटलांकडे पाहिलं, मग मुलांकडे पाहिलं. मुलं त्यांच्याच तोंडाकडे बघत होती.

“नाही,” पंतोजी म्हणाले.

त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. मग ते मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. “वरून टाकलेलं मीठ न ढवळता तळाशी बसेल. कैऱ्या तरंगतात वर. खालचं पाणी खारट राहील आणि वरच्या कैऱ्या अळणी पाण्यात कुजतील. सगळ्या बरण्या सोडायच्या, सगळा खार परत रांजणात ओतायचा आणि पुन्हा जोखायचा. चूक माझी आहे. पाडव्यालाच मी ‘नाही’ म्हणायला हवं होतं, आणि आज हौसाचं ऐकायला हवं होतं.”

कुणी हसलं नाही. एक म्हातारी उठली आणि आपल्या बरणीचं फडकं सोडायला लागली. तिच्यामागून सगळे उठले.

पाटील तेवढे उठले नाहीत. “माझी बरणी मानाच्या अंड्याच्या खारातच राहील.”

“बरं,” पंतोजी म्हणाले. या वेळी त्यांनी ते ठरवून म्हटलं. बरणी पाटलांची होती.

मग काय धमाल उडाली! खार परत रांजणात आला. मुलं मीठ टाकत होती, आळीपाळीनं ढवळत होती, घामाघूम होत होती. हौसानं ताजं अंडं आधी साध्या पाण्यात बुडवून दाखवलं आणि मगच रांजणात सोडलं. पोतं संपत आलं तेव्हा ते तळातून सुटलं, हळूहळू वर चढलं आणि त्याचा टिळ्याएवढा भाग पाण्याबाहेर दिसायला लागला. हौसानं चाखून पाहिलं आणि पहिल्यांदाच म्हणाली, “आता आहे खरा खारट!” वर्ग पुन्हा हसला, पण या वेळी हौसाही हसत होती.

श्रावणात बरण्या उघडल्या. गावभर कैऱ्यांचा वास दरवळला. कैरी दाताखाली कटकन तुटत होती आणि पेजेच्या वाट्या रिकाम्या होत होत्या. पाटलांच्या बरणीवर मात्र पांढरा बुरा आला होता, आणि तिच्या वासानं मांजरसुद्धा ओटीवरून उठून गेलं.

दुसऱ्या दिवशी पाटील वाटी घेऊन शाळेत आले.

“पंतोजी, एखादी कैरी असेल का?”

पंतोजींनी हौसाकडे पाहिलं. हौसानं शाळेच्या बरणीतून पाटलांची वाटी काठोकाठ भरली. पाटलांनी तिथेच एक कैरी चावली, डोळे मिटले आणि म्हणाले, “शाळा चालू राहू द्या. आणि ती टोपली मी तांबडीला देतो, तिला बसायला.”

तांबडीनं टोपली ठीकठाक असल्याचं दिवसभर सगळ्यांना सांगितलं. तेव्हापासून त्या गावात खाराच्या दिवशी मानाचं अंडं आधी साध्या पाण्यात सोडतात. ते बुडालं, की लोक आनंदानं टाळ्या वाजवतात आणि मगच रांजणाकडे वळतात.

तात्पर्य : ज्या मापानं दुसऱ्याला जोखायचं, ते माप आधी खरं आहे का ते पाहावं, मग त्याला कितीही मान असो.