चहादाणीची अंघोळ

फार जुनी गोष्ट आहे, जपानातल्या एका घाटाच्या पायथ्याशी ओताने आजी वाटसरूंना चहा विकत असे तेव्हाची. कुंभाराकडे गेली असताना वेलबुट्टीच्या चहादाण्यांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. प्रत्येकीतून पाणी ओतून पाहिलं आणि जिच्या तोटीवरून एक थेंबही ओघळला नाही, ती साधी मातकट चहादाणी घरी आणली.

रोजचा चहा आटोपला, की आजी तिला नुसत्या गरम पाण्याने विसळायची, म्हणजे मातीत मुरलेला चहाचा स्वाद तसाच राहायचा, आणि झाकण काढून वाळत ठेवायची. शेजारचं तांब्याचं घंगाळ मात्र रिठ्याच्या पाण्याने घासूनपुसून लख्ख.

"तीन वर्षं झाली, हिला अंघोळ नाही," घंगाळ सगळ्या भांड्यांना सांगायचं. "लांबूनच बोला हिच्याशी!"

चहादाणीला ते फार लागलं. एका दुपारी आजी झऱ्यावर गेलेली पाहून तिने घंगाळातल्या रिठ्याच्या पाण्यात उडी घेतली आणि मनसोक्त डुंबली. तिच्या मातीत रिठा पार आतपर्यंत मुरला.

संध्याकाळी एका जाडजूड भिक्षूने पहिला घोट घेतला आणि थुंकला. "आजी, हा चहा आहे, की माझी लंगोटी पिळून दिलीस?"

बाकीची गिऱ्हाइकं हसत समोरच्या दुकानात गेली.

आजीने चहादाणी हुंगली आणि काय झालं ते ओळखलं. चहादाणीला वाटलं, आता आपली रवानगी उकिरड्यावर. पण आजी तिच्यात रोज चहा करायची आणि फेकून द्यायची. नवव्या दिवशी तिने स्वतः एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "चला, मळलीस एकदाची!"